कोणता एल्फिन्स्टन, कोणता ग्रँट? सारख्या नावांचे स्कॉटिश साहेब कसे ओळखावेत

प्रभादेवी स्टेशनचं जुनं नाव एल्फिन्स्टन रोड. हा एल्फिन्स्टन म्हणजे पेशवाईच्या अखेरीचा पुण्याचा रेसिडेंट (दरबारातला इंग्रजांचा वकील), असं सर्रास समजलं जातं. पण तो नव्हे. स्टेशनला नाव होतं त्याच्या पुतण्याचं. ग्रँट रोडचंही तसंच. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफशी त्या रस्त्याचा काडीचा संबंध नाही. ही सगळी मंडळी स्कॉटिश घराण्यांतली, आणि त्या घराण्यांत तीच तीच नावं फिरून येतात. गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी, जुने शिलालेख वाचणाऱ्यांनी किंवा घरातलं मोडी दप्तर चाळणाऱ्यांनी माणूस पक्का करायचा कसा, ते पाहू.

१. आधी नाव ठेवण्याची चाल लक्षात घ्या

स्कॉटलंडमधली जुनी पद्धत अशी: थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं आणि तिसऱ्याला खुद्द बापाचं. आजोबा अलेक्झांडर असले आणि त्यांना चार मुलगे झाले, तर चार घरांत चार थोरले अलेक्झांडर. आपल्याकडे बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव आणि पहिल्या बाजीरावाचा नातू दुसरा बाजीराव, त्यातलाच प्रकार. शिवाय कुळाच्या प्रमुखाचं आडनाव त्याच्या आश्रयाला असलेली कुळंही लावत. त्यामुळे दोघे कॅम्पबेल भेटले म्हणजे ते भाऊबंद असतीलच असं नाही.

राजघराणीही याला अपवाद नाहीत. १२९१ मध्ये स्कॉटलंडच्या गादीवर हक्क सांगणारा रॉबर्ट ब्रूस हा आजोबा, १३१४ साली बॅनकबर्नची लढाई जिंकणारा राजा रॉबर्ट ब्रूस हा नातू, आणि मधल्या बापाचं नावही रॉबर्टच.

२. नावाआधीचा किताब नीट वाचा

निम्मे घोळ इथेच सुटतात. आपण 'लॉर्ड', 'सर', 'साहेब' एकाच मापाने वापरतो. ते लोक वापरत नव्हते.

'लॉर्ड एल्फिन्स्टन' म्हणजे त्या घराण्याचा त्या वेळचा प्रमुख, दुसरा कोणी नाही. पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९) हा अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा. किताब थोरल्या भावाकडे गेला, पुढे भावाच्या मुलाकडे. माउंटस्टुअर्ट कधीच लॉर्ड झाला नाही. कागदांत तो 'ऑनरेबल' (लॉर्डच्या धाकट्या मुलांना लावायचा मानाचा शब्द) म्हणून येतो. मराठीत त्याला बिनदिक्कत लॉर्ड करून टाकणारे लेख मी इतके वाचलेत, की आता तो शब्द दिसला की आधी सालच शोधतो. तो मुंबईचा गव्हर्नर होता १८१९ ते १८२७. 'लॉर्ड एल्फिन्स्टन' म्हणून जो गव्हर्नर येतो तो तेरावा लॉर्ड, जॉन. त्याची मुंबईतली कारकीर्द १८५३ ते १८६०, म्हणजे सत्तावनचं बंड त्याच्या काळातलं.

नाना शंकरशेटांचं चरित्र वाचताना हे फार उपयोगी पडतं, कारण त्यात काका-पुतणे दोघेही येतात. १८२७ मध्ये निरोपाच्या वेळी ज्याच्या नावाने शिक्षणासाठी वर्गणी जमली आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं, तो काका. सत्तावनच्या धामधुमीतला गव्हर्नर तो पुतण्या.

तिसराही आहे: जनरल विल्यम एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना त्याचं सैन्य गारद झालं. गंमत अशी की माउंटस्टुअर्टही १८०९ मध्ये पेशावरला काबूलच्या शाह शुजाकडे वकील म्हणून गेला होता आणि त्याने त्या राज्यावर ग्रंथ लिहिला. तेव्हा 'एल्फिन्स्टन' आणि 'काबूल' एकत्र दिसले, की साल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

'सर' हा किताब पहिल्या नावाला लागतो, आडनावाला नाही. म्हणून 'सर माल्कम' असं लिहिलं तर कोणता माल्कम ते कळत नाही. १८२८ साली मुंबईत दोन होते: गव्हर्नर सर जॉन आणि बॉम्बे मरीनचा, म्हणजे कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचा, प्रमुख असलेला त्याचा धाकटा भाऊ सर चार्ल्स. महाबळेश्वरची माल्कम पेठ सर जॉनच्या नावाची.

३. साल, हुद्दा, ठिकाण आणि इलाखा शेजारी शेजारी मांडा

एक कोरा कागद घ्या, चार रकाने पाडा आणि हाती असलेला प्रत्येक उल्लेख त्यात भरा. एकाच माणसाचे वाटणारे उल्लेख लगेच फुटून वेगळे होतात. बक्सारची लढाई १७६४ मध्ये जिंकणारा मन्रो आणि १८१८ साली सोलापूर घेणारा मन्रो एकच, असं कोणी सांगितलं तर जन्मसाल विचारा. सोलापूरवाला थॉमस, पुढे मद्रासचा गव्हर्नर झालेला, १७६१ चा. बक्सारच्या वेळी तीन वर्षांचा. बक्सारचा तो हेक्टर.

सर आर्चिबाल्ड कॅम्पबेल तर किताबासकट दोन आहेत. एक १७८६ ते १७८९ मद्रासचा गव्हर्नर, दुसरा १८२४ ते १८२६ च्या ब्रह्मदेशच्या युद्धातला सेनापती. इथे किताब मदतीला येत नाही, सालच येतं.

४. आडनाव नंतर बदललं का ते तपासा

ग्रँट डफचा जन्म १७८९ चा, बान्फ गावातला, आणि तेव्हा तो नुसता जेम्स ग्रँट होता. भारतातून परतल्यावर आईकडून ईडनची जहागीर आली आणि तिच्याबरोबर 'डफ'. म्हणून साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी तो रेसिडेंट होता (१८१८–१८२२) त्या काळच्या दप्तरात 'डफ' शोधाल तर हाती काही लागणार नाही. 'कॅप्टन ग्रँट' शोधा. १८२६ च्या त्याच्या ग्रंथावर मात्र जोडनाव आहे.

त्याने मुलाचं नाव ठेवलं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ! हा मुलगा १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता. ग्रंथालयाच्या सूचीत 'माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन' टाकलं की तोही वर येतो, आणि त्याचं काम पुण्याच्या रेसिडेंटच्या खात्यावर चढायला वेळ लागत नाही.

ग्रँट रोड आणि ग्रँट मेडिकल कॉलेज यांचा ग्रँट म्हणजे सर रॉबर्ट, मुंबईचा गव्हर्नर, १८३५ पासून १८३८ मध्ये दापोडीला मरण पावेपर्यंत. त्याचे वडील चार्ल्स ग्रँट आणि भाऊही चार्ल्स ग्रँट; दोघेही लंडनमध्ये हिंदुस्थानच्या कारभारात. वडील ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष होते, १८२३ मध्ये वारले. १८३० ते १८३४ बोर्ड ऑफ कंट्रोलवर, म्हणजे कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळावर, बसलेला तो भाऊ.

५. जमिनीचं नाव सोडू नका

स्कॉटिश कागदांत नावापुढे जहागिरीचं गाव येतं: नोव्हारचा मन्रो, इन्व्हरनीलचा कॅम्पबेल. मराठीत उतरवताना हा तुकडा पत्ता समजून गाळला जातो, आणि ओळखच गळते. वर आलेला मद्रासचा कॅम्पबेल हाच इन्व्हरनीलचा.

६. स्पेलिंगवर भिस्त ठेवू नका

स्टुअर्टची दोन स्पेलिंगं आहेत (Stuart, Stewart), पण त्यावरून घराणं ठरत नाही. एकाच माणसाचं नाव दोन्ही तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. आडनावाआधीचा 'मॅक' लहान (Mc) लिहिला काय आणि पूर्ण (Mac) लिहिला काय, तेच. शोधताना दोन्ही रूपं टाका. मराठी कागदांत आणखी तिसरंच रूप असेल. मराठ्यांनी ज्याला इष्टुर फाकडा म्हटलं तो कॅप्टन जेम्स स्टुअर्ट जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ पडला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणवर मुंबईची फौज नेणारा जनरल जेम्स स्टुअर्ट अर्थातच निराळा.

७. शेवटी आईचं आडनाव शोधा

इतकं करूनही दोन जेम्स किंवा दोन जॉन उरलेच, तर आईकडून जा. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव कागदांत आणि थडग्यांवर टिकून राही, त्यामुळे सख्खे चुलतभाऊही वेगळे काढता येतात. 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर जुन्या चर्चच्या नोंदवह्या पाहायला मिळतात. १८५५ पासूनच्या सरकारी जन्म-मृत्यू नोंदींत आई-वडील दोघांचीही नावं असतात. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

लिहिताना पहिलं नाव, हुद्दा आणि कारकिर्दीची सालं एकत्र द्या: 'सर रॉबर्ट ग्रँट, मुंबईचा गव्हर्नर, १८३५–३८'. पहिलं नाव हाती लागलंच नाही तर 'कोणी एक कॅप्टन स्टुअर्ट' असं सरळ लिहून मोकळं व्हा. अंदाजाने जेम्स चिकटवू नका.