कर्नल अपडेट केल्यावर डिस्क गंडली तर काय करायचं

अक्कलकोट रोडला मित्राचा चादरीचा कारखाना आहे, हिशेबाचा पीसी लिनक्सवर. परवा कर्नलचं, म्हणजे डिस्कपासून सगळं हाताळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याचं, अपडेट मारलं, रिबूट केलं आणि बिल सेव्ह करायला गेला तर 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम', म्हणजे डिस्क नुसती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. घाबरून चारदा रिस्टार्ट केलं पठ्ठ्यानं. तसं करू नका बरं का, दर वेळी डिस्कवर काहीतरी लिहिलं जातं आणि राहिलेलं पण हातचं जातं.

आधी मशीन बंद. मग लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालतं) चालू करायचं, पार्टिशन माउंट न करता, म्हणजे डिस्कचा तो भाग वापरायला न जोडता, डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, दुसऱ्या हार्डडिस्कवर घ्यायची. तासन्‌तास लागतात, लागू देत. नंतरच एफएससीके, ही डिस्कवरची फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड, तेही पहिल्यांदा मायनस एन लावून, म्हणजे नुसतं बघतं, हात लावत नाही. खरी दुरुस्ती झाली की लॉस्ट-अँड-फाउंड फोल्डर (दुरुस्तीत सापडलेल्या बेवारस फाइली इथं पडतात) उघडा, मित्राची बिलं तिथंच सापडली, नावाच्या जागी नुसते आकडे, एकेक उघडून ओळखत बसलो.

मग ग्रबमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना येणाऱ्या मेनूत, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून अपडेटच्या आधीचा जुना कर्नल निवडा.

दर वेळी दोष कर्नलचाच असतो असं नाही, लाइट गेली, केबल सैल झाली, रॅम खराब असली तरी हेच होतं, त्यामुळं स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघाच. पण कर्नल चुकतोही. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नल ६.१.६४ मधल्या ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) च्या बगमुळं डेबियनने, हा लिनक्सचाच एक प्रकार, आपली १२.३ आवृत्ती थांबवली होती आणि थेट १२.४ आणली.