नांदूरमध्यमेश्वरला शिकारी पक्षी बघायला गटाने जाताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला दिवस धरा. गट आठ-दहा जणांचाच ठेवा. मातकट कपडे, टोपी, पाणी आणि दोघांत निदान एक दुर्बीण एवढं पुरे. नाशिकहून नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात शिरायचं गाव चापडगाव साधारण ४० किलोमीटर, उजाडताना पोहोचायचं.

आधी आकाशाकडे बघू नका. पहिला तास पाणवनस्पतींचा. दलदली भोवत्या (हारिण) हा शिकारी पक्षी तिथे अगदी खालून, पंख उथळ द्रोणासारखे वर धरून फिरतो. तो शोधत बसण्यापेक्षा पाण्यावर लक्ष ठेवा. वारकरी (काळे पाणपक्षी) आणि बदकं एका झटक्यात उठली की त्यांच्या मागे बघा, बहुतेक वेळा तोच असतो. मासे धरणारा कैकर दिसला तर सकाळ सोन्याची! पोट पांढरं, डोळ्यावर काळी पट्टी आणि पाण्यात पाय पुढे करून झेप.

आता गटाचं खरं काम. प्रत्येकाला आकाशाचा एक तुकडा वाटून द्या. समोरचं मोठं झाड म्हणजे बारा वाजले असं ठरवा, मग ‘दोन वाजता, तारेच्या वर’ एवढं हळू सांगितलं तरी सगळ्यांच्या दुर्बिणी तिकडे वळतात. मात्र नाव सांगायची घाई करू नका. कुणी ‘गरुड!’ म्हटलं की बाकीचे निरखणं सोडतात, हे मी वारंवार पाहिलंय. आधी जे दिसतंय ते बोला: शेपटी दुभंगलेली आहे का? पंख सपाट की वर उचललेले? एका जागी फडफडतोय का? दुभंगलेली शेपटी साध्या घारीची. हवेत एकाच जागी थांबून खाली बघणारी, पांढरट अंगाची, खांद्यावर काळा डाग असलेली ती कापशी घार. पुस्तक त्यानंतर उघडा.

ऊन तापल्यावर हवा वर चढू लागते, तेव्हा गरुड तिच्यावर घिरट्या घेत उंच जातात. म्हणून नऊ वाजता निघायची घाई नको. परतताना निफाडच्या शेतांतल्या विजेच्या तारांवर बसलेले पक्षीही बघत या.

गिधाडांसाठी त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरी डोंगराचा वेगळा दिवस ठेवा. लांब चोचीची गिधाडं तिथल्या कड्यांवर हिवाळ्यात घरटी करतात आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. तिथे ड्रोन उडवू नका, घरट्याची जागा फोटोसोबत टाकू नका.