तारा धरून ठेवणारी दोन फळ्यांची बैठक

दुर्बिणीत शंभरपट मोठा करून शनी लावा. दोन मिनिटांत तो एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने पसार! रांगेतल्या तिसऱ्या पोराच्या वाट्याला काळं आकाश. किलोभर वजनाच्या छोट्या दुर्बिणीसाठी त्यावरचा घरगुती इलाज असा: आकाशाच्याच वेगाने हळूहळू उघडणाऱ्या दोन फळ्यांवर ती बसवायची.

फूट-सव्वाफुटाच्या दोन फळ्या एका कडेने लांब पट्टी-बिजागरीने जोडा. घरात फणसाची जुनी, मुरलेली फळी असेल तर उत्तम. साधं प्लायवूड आपल्या हवेत फुगतं. बिजागरी हलवून बघा. खडखडली तर परत करा, कारण ती डुगडुग शंभरपट मोठी होऊन दिसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं माप. आकाशाचा फेरा २३ तास ५६ मिनिटांचा, म्हणजे १४३६ मिनिटांचा. एम-६ची, म्हणजे ६ मिमी जाडीची, आटेवाली सळई एका फेऱ्यात १ मिमी सरकते. मिनिटाला एक फेरा द्यायचा, तर वर्तुळाचा परीघ १४३६ मिमी हवा; त्रिज्या येते २२८.६ मिमी. बिजागरीच्या पिनेच्या मध्यापासून सळईपर्यंत हे अंतर दोनदा मोजा, मगच भोक पाडा.

वरच्या फळीत फर्निचरचा गोल आडवा नट बसवा, खाली मोटर झुलत्या पट्टीवर. दोन्ही टोकं झुलली की फळ्या उघडताना वेग फारसा चुकत नाही. सळईचा भार मोटरवर नको, छोट्या बेअरिंगवर घ्या. २८बीवायजे-४८ या पावलापावलाने फिरणाऱ्या छोट्या मोटरला एका फेऱ्याला २०४८ पावलं लागतात. मोटर चालवणाऱ्या अर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डात दर पावलाला २९.३ मिलिसेकंद भरा. वरच्या फळीवर बॉल-हेड (हवा तिकडे वळवून घट्ट करायचा सांधा), त्यावर दुर्बीण.

बिजागरीचा रोख ध्रुवताऱ्याकडे हवा. रत्नागिरीत तो जेमतेम १७ अंशांवर. म्हणून खाली पाचर द्या: ३० सेंमी लांबीला ९.२ सेंमी उंची. मालवणात ८.६ पुरे, अलिबागला १०.१. एवढा खालचा तारा वाडीत माडांआड जातो, त्यामुळे मी सरळ सड्यावर, उघड्या कातळपठारावर जातो. उत्तरेला तोंड केल्यावर बिजागरी डाव्या हाताला.

माझी पहिली सळई साधी लोखंडी होती. पावसाळाभर माळ्यावर राहिली; दसऱ्याला काढली तर नट जाम, पान्याने सळईच पिळली. स्टेनलेसचीच घ्या, वर ग्रीस.

तासाभरात ६० मिमी सळई सरते. मग मोटर उलटी फिरवून फळ्या मिटायच्या आणि शनी पुन्हा लावायचा.