दोन मिनिटांचा थांबा आणि दुचाकीचे कुलूप

मेडिकलच्या दुकानातून गोळ्यांची एक पट्टी आणायची असते, तेव्हा बहुतेक जण गाडी साइड स्टँडवर लावतात, इंजिन बंद करतात आणि हँडल सरळ ठेवूनच दुकानाची पायरी चढतात. हीच माणसे रात्री सोसायटीच्या आवारात, जिथे फाटक, वॉचमन आणि कॅमेरा असे तिन्ही असतात, तिथे मात्र हँडल लॉक करून, एकदा मागे वळून पाहून मगच जिना चढतात. आपण किती वेळ थांबणार यावरून आपण कुलपाची गरज ठरवतो. चोर मात्र त्याला स्वतःला किती वेळ लागणार एवढेच पाहतो, आणि हँडल मोकळे असलेली मोटारसायकल स्टँडवरून उतरवून शेजारच्या गल्लीत वळवायला अर्धे मिनिटही पुरते. तेव्हा थांबा एटीएमचा असो, शाळेच्या फाटकापाशी मुलाला सोडण्याचा असो किंवा अमृततुल्यातल्या एका कटिंगचा असो, गाडी लावल्यानंतर हातांनी करायच्या गोष्टींचा क्रम एकच असला पाहिजे, आणि तो इतका अंगवळणी पडला पाहिजे की त्यासाठी विचार करावा लागू नये.

क्रम बसवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे किल्ली खिशात गेल्याशिवाय हेल्मेट काढायचे नाही, असा स्वतःपुरता नियम करणे. हेल्मेट निघाले की मन दुकानात पोहोचलेले असते आणि हात पिशवी शोधू लागतात. किल्ली गाडीलाच राहून जाण्याचे प्रकार विसराळू माणसांकडूनच होतात असे नाही. त्यामागे बऱ्याचदा हँडलवरच्या लाल बटणाची सवय असते. सिग्नलला इंजिन बंद करायचे ते बटण दुकानापाशीही दाबले जाते, इंजिन थांबते आणि किल्ली मात्र चालू स्थितीतच राहते. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना इंजिनाबरोबर आपोआप लागणारा पुढचा दिवा आला, आणि अनेक गाड्यांत तो इंजिन बंद होताच विझतो, त्यामुळे दिवा पाहून काही लक्षात येईल हा आधारही राहिला नाही. मुक्कामाला पोहोचल्यावर इंजिन नेहमी किल्लीनेच बंद करावे आणि ते बटण फक्त सिग्नलपुरते ठेवावे.

त्यानंतर हँडल लॉक. हँडल पूर्ण डावीकडे वळवावे, किल्ली दाबून फिरवावी आणि काढून घ्यावी, इथपर्यंत सर्वांनाच ठाऊक असते. राहते ती शेवटची पायरी, म्हणजे किल्ली काढल्यावर हँडल उजवीकडे एकदा ओढून पाहणे. कुलपातून बाहेर येणारी खीळ समोरच्या खाचेत बसली तरच हँडल अडते. धूळ, गंज किंवा झीज यांमुळे ती अर्धवट बसली, तर किल्ली व्यवस्थित निघूनही हँडल मोकळेच राहू शकते. माझी समजूत अशी की हँडल लॉक करणाऱ्यांपैकी फार थोडे जण ते ओढून पाहतात, आणि पावसाळ्यानंतर तर हे दररोज करायला हवे. खीळ अडखळत असेल, तर गॅरेजमध्ये कुलूप साफ करून घ्यावे. किल्लीवर जोर देत दिवस ढकलू नयेत, कारण एक दिवस किल्लीच आत तुटते.

हँडल लॉक म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. जोराच्या हिसक्याने ते तुटू शकते, आणि हे चोराला आपल्याहून चांगले ठाऊक असते. तरीही छोट्या थांब्यासाठी मी त्याला पहिला मान देतो, कारण भर रस्त्यात गाडी पळवण्याची जी सर्वांत साधी रीत आहे ती त्याने अडते. त्या रीतीत दोघे एकाच गाडीवरून येतात. एक जण उतरून तुमच्या गाडीवर बसतो, आणि दुसरा मागून आपली गाडी चालवत, तुमच्या गाडीच्या फूटरेस्टला पाय लावून ती ढकलत नेतो. यालाच आपण टोचन म्हणतो. पेट्रोल संपलेल्या मित्राला आपण सर्वांनीच कधी ना कधी असे पंपापर्यंत नेलेले असल्यामुळे, दुपारी बारा वाजता भर चौकातून अशी जोडी गेली तरी कोणी वळूनही पाहत नाही. हँडल डावीकडे अडकलेले असेल, तर हे टोचन सुरूच होत नाही.

किल्लीच्या झिजेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी मी मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाहेर आलो, तेव्हा साठीचे एक गृहस्थ माझ्या मोटारसायकलवर बसून ती सुरू करण्याच्या बेतात होते. मी हटकल्यावर ते माझ्यापेक्षा जास्त गोंधळले. त्यांची गाडी माझ्याच गाडीच्या बनावटीची, तशीच काळी, चार गाड्यांपलीकडे उभी होती. आणि त्यांनी स्वतःच्या किल्लीने माझे हँडल लॉक उघडले होते. त्यांच्या किल्लीचे दाते झिजून जवळजवळ गुळगुळीत झाले होते आणि माझे कुलूप बारा वर्षे वापरलेले होते. आम्ही दोघांनी गंमत म्हणून माझी किल्ली त्यांच्या गाडीला लावून पाहिली. ती मात्र फिरली नाही. त्यांना चहा पाजून मी तसाच गॅरेजवर गेलो आणि कुलपांचा पूर्ण संच बदलून घेतला. तुमची किल्ली थोडी हलवून फिरवावी लागत असेल किंवा गाडी चालू असताना निघून हातात येत असेल, तर कुलूप झिजले असे समजावे. अशा कुलपावर महागडी साखळी बांधण्यापेक्षा आधी संच बदलणे शहाणपणाचे आहे. किल्लीच्या छिद्रावर सरकते चुंबकी झाकण असलेल्या गाड्यांत ते झाकण बंद करण्याचा आळस अनेक जण करतात; तो करू नये, कारण खोटी किल्ली घालून पाहणाऱ्याला पहिला अडथळा त्याचाच असतो.

दुसरे कुलूप घ्यायचे ठरवल्यास आपल्या गाडीचे पुढचे चाक आधी पाहावे. डिस्क ब्रेक असेल, तर डिस्कच्या भोकात बसणारे छोटे कुलूप खिशात मावते आणि दहा सेकंदांत लागते. ते पुढच्याच चाकाला लावावे. त्याचा एक धोका मात्र गंभीर आहे: कुलूप लावल्याचे विसरून गाडी पुढे काढली, की ते ब्रेकच्या कॅलिपरवर आदळते आणि गाडीसह आपण आडवे होतो. त्यासाठी कुलपाबरोबर भडक रंगाची एक गुंडाळीची दोरी मिळते, तिचे दुसरे टोक हँडलला अडकवावे. ती दोरी नसेल तर साधी नाडीदेखील चालते, पण काही तरी हँडलवर दिसलेच पाहिजे. पुढे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला हे कुलूप लागत नाही. तिथे चाकाच्या आऱ्यांतून आणि पुढच्या फोर्कमधून जाणारी साखळी किंवा इंग्रजी यू अक्षरासारखे कुलूप लावावे. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नये, कारण फरशीचा आधार मिळाला की घाव घालणे सोपे जाते. खांब किंवा रेलिंग हाताशी असेल तर गाडी त्यालाच बांधावी, पण पाच मिनिटांच्या थांब्यासाठी दररोज हे कोणी करेल अशी माझी अपेक्षा नाही.

साइड स्टँडऐवजी मधला स्टँड लावल्याने गाडी हलवायला थोडा जास्त जोर आणि थोडा जास्त आवाज लागतो. जागा सपाट असेल तर तो लावावा. एप्रिल 2020 पूर्वीच्या, कार्बोरेटर असलेल्या मोटारसायकलींना पेट्रोलचा कॉक असतो. तो बंद करून गेल्यास, सुरू केलेली गाडी कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर थोडे अंतर जाऊन बंद पडते. माझ्या वडिलांच्या पिढीची ही युक्ती आजही तितकीच बिनखर्चाची आहे.

गाडी कुठे लावावी, याबाबत माझे एकच म्हणणे आहे: आत गेल्यावर ती दिसली पाहिजे. दुकानाच्या काउंटरवरून, चहाच्या बाकड्यावरून, बँकेच्या काचेतून गाडीचे पुढचे चाक दिसत असेल, तर तीस पावले जास्त चालावे लागले तरी चालेल. ओळीत लावायची असेल, तर कडेची जागा सोडून मधली घ्यावी, कारण दोन्ही बाजूंना खेटून उभ्या असलेल्या गाड्या सरकवल्याशिवाय तुमची गाडी निघत नाही. भिंतीवर कॅमेरा आहे म्हणून अंधाऱ्या कोपऱ्याला पसंती देऊ नये. कॅमेऱ्याचा उपयोग चोरी झाल्यावर होतो. ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर लावावीत’ अशी पाटी जिथे असते, तिथे पावती फाडणाऱ्या मुलाकडे किल्ली ठेवून जाणेही टाळावे. ‘काका, गाडी हलवावी लागेल, किल्ली राहू द्या’ असे तो म्हणतो. अशा वेळी स्वतःच दोन मिनिटे घालवून गाडी योग्य जागी लावावी.

सोबत कोणी असेल, तर त्याला गाडीपाशी थांबवणे हा उत्तम उपाय आहे, पण त्याच्या भरवशावर किल्ली गाडीला लावलेली ठेवू नये; ‘पलीकडे बोलावतायत’ किंवा ‘तुमचे पैसे पडले’ एवढ्यावर माणूस गाडीवरून उतरून चार पावले जातो. लहान मुलाला गाडीवर बसवून दुकानात जाणे तर कधीही करू नये, त्यात चोरीपेक्षा गाडी कलंडण्याचा धोका मोठा आहे.

जीपीएस ट्रॅकर बसवायचा असेल तर जरूर बसवावा, पण तो गाडी गेल्यावर कामाला येतो, जाताना तिला अडवत नाही. त्याच्या सिमचे रिचार्ज संपले की तो नुसती डबी उरतो, म्हणून रिचार्जची तारीख फोनमध्ये नोंदवून ठेवावी. डिकीत किंवा साइडच्या डब्यात मूळ आरसी बुक, पॉलिसी आणि दुसरी किल्ली ठेवू नये. कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवर दाखवता येतात, आणि दुसरी किल्ली घरातच असली पाहिजे. ती इतकी महत्त्वाची का, हे पुढे येईलच.

परत आल्यावर गाडी जागेवर नसेल, तर प्रथम खाली रस्त्याकडे पाहावे. वाहतूक पोलिसांनी गाडी उचलली असेल, तर अनेक ठिकाणी तिथेच खडूने चौकीचे नाव किंवा गाडीचा क्रमांक लिहिलेला असतो. पुण्यात पी-वन, पी-टू म्हणजे सम-विषम तारखेचे पार्किंग असलेल्या रस्त्यांवर चुकीच्या बाजूला गाडी लावून ‘चोरीला गेली’ म्हणत धावणारे मी स्वतः पाहिले आहेत. शेजारच्या दुकानदाराला विचारून ही शक्यता पाच मिनिटांत निकालात काढावी, आणि तसे नसेल तर लगेच 112 वर फोन करावा. पहिल्या अर्ध्या तासात गाडीचा क्रमांक, रंग आणि ओळखू येईल अशी एखादी खूण सांगता आली पाहिजे. त्यासाठी गाडीचे चारही बाजूंचे फोटो आणि इंजिन व चासी क्रमांक फोनमध्ये असावेत.

तोंडी तक्रारीवर थांबू नये, एफआयआर नोंदवून घ्यावा. 1 जुलै 2024 पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली नोंदवला जातो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. ही खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिल्यास तीन दिवसांच्या आत त्यावर सही करावी लागते. विमा कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवावे.

विम्याच्या बाबतीत एक गैरसमज फार मोठा आहे. सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा विमा सक्तीचा आहे, पण ती सक्ती थर्ड पार्टी विम्यापुरती आहे, आणि चोरीची भरपाई त्यातून मिळत नाही. चोरी ज्यात येते तो ‘ओन डॅमेज’ भाग बऱ्याच पॉलिसींत पहिल्या एकाच वर्षाचा असतो. नंतर तो दरवर्षी घ्यावा लागतो. पॉलिसीवर पाच वर्षांची तारीख पाहून निश्चिंत राहिलेल्या माणसाला हे गाडी गेल्यावर कळते. हा भाग चालू असेल, तर कंपनी गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक किल्ली देता आली नाही, तर ती गाडीलाच राहिली होती का, हा प्रश्न येतो, आणि तशी राहिलेली असल्यास मालकाने वाजवी काळजी घेतली नाही या कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो. शोध लागला नाही, तर गुन्हा खरा पण तपास न लागलेला, असा जो अहवाल पोलीस न्यायालयात पाठवतात त्याला महाराष्ट्रात ‘ए समरी’ म्हणतात. दाव्यासाठी त्याची प्रत लागते, आणि ती मिळवायला काही फेऱ्या माराव्या लागतात.

या काळात तुमच्या मोबाइलवर त्या गाडीच्या नावाने ई-चलन आले, तर चिडून ते पुसून टाकू नये. त्यावर जागा, वेळ आणि बहुधा चालवणाऱ्याचा फोटोही असतो. ते तसेच तपास अधिकाऱ्याकडे द्यावे. गाडी सापडल्यास ती मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्यात राहते आणि न्यायालयाच्या आदेशाने सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर, परत मिळते. ती घरी आणण्यापूर्वी गॅरेजमध्ये नेऊन इग्निशन, पेट्रोलची टाकी आणि सीट यांच्या कुलपांचा सगळा संच बदलून घ्यावा, कारण तिच्या जुन्या कुलपाची किल्ली एव्हाना आणखी कोणाकडे तरी तयार झालेली असू शकते.