समीकरण सुटलं, उत्तर चुकलं: भूमितीच्या शाब्दिक उदाहरणांत या चुका टाळा

दहावीच्या बहुतेक पोट्ट्यांना वर्गसमीकरणाचे अवयव पाडता येतात. गुण जातात ते त्याच्या आधी आणि नंतर: समीकरण मांडताना आकृती काढलेली नसते आणि मुळं (क्षच्या किमती) मिळाली की पुन्हा आकृतीकडे कोणी बघत नाही.

नागपूरच्या बेसा भागातल्या ले-आऊटमधला एखादा प्लॉट घ्या. क्षेत्रफळ १५०० चौरस फूट, लांबी रुंदीपेक्षा २० फूट जास्त. रुंदी क्ष मानली की क्ष² + २०क्ष − १५०० = ०, मुळं ३० आणि −५०. इथे उणे चिन्ह गाळून रुंदी ५० लिहिणारे पुष्कळ. तसं केलं तर लांबी ७० येते आणि प्लॉट ३५०० चौरस फुटांचा होतो! ५० हा आकडा फसवतो, कारण लांबी खरंच ५० आहे. पण क्ष म्हणजे रुंदी. म्हणून पहिल्याच ओळीत ‘रुंदी = क्ष फूट’ असं एककासकट लिहा. नुसतं ‘क्ष मानू’ पुरत नाही.

सगळ्यात जास्त घात करतो तो रस्ता. संत्र्याच्या बागेचा एक तुकडा २० मीटर × १२ मीटर, बाहेरून चारही बाजूंनी सारख्या रुंदीचा रस्ता, रस्त्याचं क्षेत्रफळ १४४ चौरस मीटर. रस्त्याची रुंदी क्ष मीटर. घाईत (२० + क्ष)(१२ + क्ष) = ३८४ (बाग २४० + रस्ता १४४) मांडलं जातं. त्यातून क्ष = ४ येतो, अगदी सुबक पूर्णांक, त्यामुळे शंकाही येत नाही. पण रस्ता डावीकडेही आहे आणि उजवीकडेही, म्हणून (२० + २क्ष)(१२ + २क्ष) = ३८४, आणि क्ष = २. ताळा आपल्याच समीकरणात करू नका, तिथे ४ सुद्धा बरोबर ठरतो. आकृतीवर करा: २४ × १६ = ३८४, त्यातून २४० वजा, उरले १४४.

आता तोच रस्ता बागेच्या आतून काढा आणि मधली जागा १२८ चौरस मीटर उरू द्या. (२० − २क्ष)(१२ − २क्ष) = १२८, म्हणजे क्ष² − १६क्ष + २८ = ०, मुळं २ आणि १४. दोन्ही धन! ‘ऋण मूळ सोडा’ हा पाठ केलेला नियम इथे कामाचा नाही. १४ घेतलं तर बाजू −८ आणि −१६ होतात, गुणाकार मात्र १२८च येतो. १२ मीटर रुंद बागेत दोन्हीकडून १४-१४ मीटर कापणार कुठून?

काटकोन त्रिकोणात एक बाजू दुसरीपेक्षा ७ ने मोठी असली, तर पायथागोरस वापरताना (क्ष + ७)² च्या विस्तारात १४क्ष विसरू नका. हे सांगायला नको, तरी सांगावं लागतं.

आणि विवेचक (b² − 4ac) ऋण आला, म्हणजे वास्तव मूळच नाही, तर लगेच पान फाडू नका. मांडणी एकदा तपासा. ती बरोबर असेल तर ‘असा आकार शक्य नाही’ हेच उत्तर आहे. १०० मीटर तारेच्या एकेरी कुंपणात ७०० चौरस मीटरचा आयत बसतच नाही. जास्तीत जास्त ६२५, तोही चौरस केला तर.