वेगवान केलेल्या ग्राफिक्स कोडमधला दोष शोधताना या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी मी चादरीच्या नक्षीचा प्रोग्राम सांभाळतो. या प्रोग्राममध्ये पडद्यावरचा एक पिक्सेल म्हणजे ताणा आणि बाणा जिथे एकमेकांना छेदतात तो एक बिंदू असतो. छायाचित्रात एखादा पिक्सेल चुकला तर तो कुणाच्या लक्षातही येत नाही. जॅकार्डच्या (प्रत्येक ताणा वेगळा उचलून नक्षी विणणाऱ्या) मागावर मात्र तोच चुकलेला बिंदू विणल्या जाणाऱ्या प्रत्येक चादरीत उतरतो. नक्षी रंगवणारा सी भाषेतला साधा लूप एसएसई२ च्या, म्हणजे एकाच वेळी अनेक पिक्सेलवर काम करणाऱ्या प्रोसेसरच्या आज्ञा वापरून आम्ही नव्याने लिहिला, आणि त्यानंतर उजव्या काठाला आधी उघडलेल्या नक्षीचे तीन स्तंभ तसेच राहू लागले. त्या शोधात झालेल्या, आणि अशा कामात इतरांकडूनही वारंवार होताना पाहिलेल्या चुका येथे मांडत आहे.

डोळ्यांवर विसंबणे

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक हीच आहे. चित्र मोठे करून पाहायचे, कोडमध्ये काहीतरी बदलायचे आणि पुन्हा पाहायचे, या चक्रात दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी जुने, संथ फंक्शन जपून ठेवावे, दोन्ही फंक्शनना एकच नक्षी द्यावी आणि आलेले बफर (चित्र साठवणारे स्मृतीतले तुकडे) बाइटगणिक ताडून पहिली तफावत कोणत्या ओळीत व कोणत्या स्तंभात आहे एवढेच छापावे. जुना कोड ‘आता लागणार नाही’ म्हणून पुसून टाकणारे पुष्कळ जण असतात; पण बरोबर उत्तर काय, हे सांगणारा तोच एकमेव साक्षीदार असतो.

आमची नक्षी १२०३ स्तंभांची होती आणि, मोजणी शून्यापासून धरता, पहिली तफावत स्तंभ १२०० वर सापडली. एसएसई२ चे रजिस्टर (प्रोसेसरमधली साठवणीची जागा) १६ बाइटचे असते आणि आमचा प्रत्येक पिक्सेल रंगक्रमांकाचा एक बाइट असतो. म्हणजे ७५ फेऱ्यांत १२०० पिक्सेल रंगले आणि उरलेल्या तिघांना कुणी हातच लावला नाही. चाचणीसाठी ठेवलेली सगळी चित्रे ५१२ आणि १०२४ रुंदीची होती व या दोन्ही संख्यांना १६ ने पूर्ण भाग जातो, म्हणून चाचणीत काहीच दिसले नव्हते. आता आम्ही १ पासून ६७ पर्यंतची प्रत्येक रुंदी तपासतो, आणि रंगवण्यापूर्वी बफर नक्षीत कधीच न येणाऱ्या एका ठरावीक अंकाने भरतो, म्हणजे न रंगलेली जागा लगेच उघडी पडते.

लक्षण झाकणे

कारण कळल्यावरही चूक होऊ शकते. एक फेरी वाढवून १२१६ पिक्सेल रंगवले की काठ स्वच्छ दिसतो, कारण जादा लिहिलेले १३ बाइट पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पडतात आणि ती ओळ रंगताना झाकले जातात. शेवटच्या ओळीनंतर मात्र झाकायला पुढची ओळच नसते; तेथे ते १३ बाइट बफरच्या बाहेर, दुसऱ्या कशाच्या तरी जागेत लिहिले जातात आणि प्रोग्राम तासाभराने भलत्याच ठिकाणी कोसळतो. हा दोष पहिल्याहून कितीतरी वाईट आहे. ॲड्रेससॅनिटायझर (स्मृतीतल्या चुका पकडणारे साधन) लावून चालवल्यास असे लेखन बहुधा पकडले जाते, परंतु हाताने लिहिलेल्या असेंब्लीतल्या (थेट प्रोसेसरच्या भाषेतल्या) आज्ञांवर त्याची नजर नसते. उरलेले पिक्सेल साध्या लूपने रंगवणे हाच सरळ उपाय आहे.

लक्षणाकडे नीट न पाहणे

चित्र कसे बिघडले आहे यातच कारणाचा माग असतो. नक्षी तिरपी होत गेली तर ओळीची रुंदी आणि स्मृतीतली ओळीची लांबी एकच धरली गेली आहे; बीएमपी फाइलमध्ये प्रत्येक ओळ ४ च्या पटीत असते, म्हणून १२०३ बाइटची ओळ १२०४ बाइट व्यापते. पहिली ओळ ठीक रंगून दुसऱ्या ओळीवर प्रोग्राम कोसळला तर स्मृतीतला १६ च्या पटीतला पत्ता मागणारी आज्ञा वापरली गेली असण्याची दाट शक्यता आहे. केवळ उजळ रंग काळे पडत असतील तर १६ बिटच्या गुणाकारावर चिन्हासहित (सर्वांत वरचा बिट ऋण चिन्ह मानून) सरकवण्याची आज्ञा लागली आहे का, ते पाहावे.

रंग हळूहळू मंदावत जाणे हे लक्षण सर्वांत फसवे असते. पारदर्शक थर मिसळताना २५५ ने भागण्याऐवजी ८ बिट सरकवणे, म्हणजे २५६ ने भागणे, वेगवान असते. पण २५५ गुणिले २५५ म्हणजे ६५०२५, आणि ते ८ बिट सरकवल्यावर २५४ उरतात. पूर्ण पारदर्शक थर वीस वेळा चढवला तरी पांढरा २५५ वरून २३५ वर येतो. गुणाकारात १२८ मिळवावेत, आलेल्या संख्येत तीच संख्या ८ बिट सरकवून मिळवावी आणि मग सगळे ८ बिट सरकवावे. असे केल्यास भागाकार न करता अचूक उत्तर मिळते.

नक्षी वर-खाली सरकवताना ओळी दुहेरी दिसू लागल्या तर मेमकॉपी, म्हणजे स्मृतीतला मजकूर दुसरीकडे नक्कल करणारे सी भाषेचे फंक्शन, तपासावे. एकमेकांवर येणाऱ्या जागांसाठी ते नाहीच. त्यासाठी मेममूव्ह आहे. २०१० मध्ये फेडोरा १४ या लिनक्स प्रणालीवर जीलिबसी या सी भाषेच्या मूळ लायब्ररीतल्या नव्या मेमकॉपीने नक्कल करण्याची दिशा बदलली आणि ब्राउझरमधल्या फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरू लागला, तेव्हा हीच चूक उघडी पडली होती.

अनेक बदल एकाच कॉमिटमध्ये कोंबणे

कोडच्या नोंदी ठेवणाऱ्या गिटमधली बायसेक्ट ही आज्ञा हजार कॉमिटमधून (नोंदवलेल्या बदलांमधून) सुमारे दहा पायऱ्यांत दोषी कॉमिट दाखवते. त्या एका कॉमिटमध्ये पाच फंक्शने बदललेली असतील तर मात्र तिथून पुढे ते काही सांगू शकत नाही. अशा वेळी प्रत्येक फंक्शनला जुने आणि नवे यांतला स्विच ठेवून एकेक बदलून पाहावे.

ऑप्टिमायझेशन बंद केल्यावर दोष नाहीसा झाला म्हणून कंपायलरला दोष देण्याचा मोहही टाळावा. जीसीसी हा कंपायलर -ओ२ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीपासून असे गृहीत धरतो की वेगळ्या प्रकारचे दोन पॉइंटर (स्मृतीतला पत्ता साठवणारी चले) एकाच जागेकडे निर्देश करत नाहीत. बाइटचा बफर ३२ बिटच्या पॉइंटरने वाचणारा कोड तो नियम मोडतो, आणि तो आपलाच कोड असतो.

दुरुस्तीनंतर वेग पुन्हा मोजावा. आमच्या १२०३ रुंदीच्या ओळीत १६ पिक्सेलच्या ७५ फेऱ्या आणि साध्या लूपच्या फक्त ३ फेऱ्या होतात.