पुन्हा नकार आला तर: पेटी आणि स्तोत्र १३

नकाराच्या रात्री विरहगीतं लूपवर लावू नका. मन तिथंच घिरट्या घालतं. मला सावरलं ते बायबलमधल्या स्तोत्र १३ नं. सहाच वचनं. पहिल्या दोन वचनांत, मूळ हिब्रूत, ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. देवापुढं तक्रार करणं म्हणजे अविश्वास नव्हे. ते गाताना पेटीवर (हार्मोनियमवर) नेहमीपेक्षा दोन स्वर खालची पट्टी धरा, दाटलेला गळा वर फुटतो. भाता हळू, एका श्वासात एकच ओळ. आवाज निघेचना तर नुसता सा धरा. पाचव्या वचनातल्या भरवशाकडे घाईनं गेलात तर तो खोटा वाटतो. काही दिवस चौथ्यावरच थांबलं तरी चालतं. जेवण-झोप उडाली किंवा मरणाचे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, पाळकांनाही सांगा.